‘दोन दिवसांत देतो’: रिसेल फ्लॅट घेताना विक्रेत्याच्या कामाचा पाठपुरावा कसा करावा

रिसेल फ्लॅटचा व्यवहार टोकनपासून (सौदा ठरल्यावर दिलेली पहिली छोटी रक्कम) चावी हातात येईपर्यंत साधारण दोन ते तीन महिने चालतो. या काळात तुमच्याकडची कामं मोजकी असतात: पैसे उभे करायचे, बँकेला कागद द्यायचे, सही करायची. वेळ खाणारी बरीचशी कामं विक्रेत्याची असतात आणि ती तुमच्या नजरेआड चालतात. फोन केला की ‘होतंय’, ‘सेक्रेटरी गावाला गेलेत’, ‘बँकेत सांगून ठेवलंय’ अशी उत्तरं येतात. विक्रेता खोटंच बोलत असतो असं नाही. बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं की अर्ज नेमका कुठे पडून आहे.

म्हणून पाठपुरावा माणसाच्या बोलण्याचा करायचा नाही, कागदाचा करायचा. अर्ज दिला का, कुणाकडे दिला, पोच मिळाली का आणि आता तो कुणाच्या टेबलावर आहे, एवढंच विचारायचं. खालचं सगळं मुंबई, ठाणे, पुणे पट्ट्यातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीतला फ्लॅट धरून लिहिलं आहे.

टोकन देण्याआधी

टोकन देण्यापूर्वी विक्रेत्याकडून या गोष्टींची स्पष्ट उत्तरं घ्या.

फ्लॅटवर कर्ज आहे का, कुठल्या बँकेचं, किती बाकी आहे? त्यावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, घेतलंय का? करारात नावं किती आहेत आणि ती सगळी माणसं हयात आहेत का, भारतात राहतात का? शेअर सर्टिफिकेटवर (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) आज कुणाचं नाव आहे? फ्लॅटमध्ये भाडेकरू आहे का, आणि त्याचा लिव्ह अँड लायसन्स करार कधी संपतो? आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला लोक संकोचतात: हा फ्लॅट विकून तुम्ही राहायला कुठे जाणार?

हा शेवटचा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल, पण विचाराच. विक्रेत्यानं नवं घर घेतलेलं असेल आणि त्याचा ताबाच लांबला, तर तो तुमच्या घरातून हलणार नाही. तुमच्या व्यवहाराची तारीख मग तुम्ही कधी न पाहिलेल्या एखाद्या बिल्डरच्या हातात जाते.

मूळ करार, शेअर सर्टिफिकेट आणि शेवटचं मेंटेनन्स बिल यांच्या झेरॉक्स पाहिल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका. टोकनची रक्कम लहान ठेवा, बँकेतूनच द्या आणि पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: ठरलेली किंमत, करार नोंदवण्याची शेवटची तारीख, विक्रेत्यानं आणायच्या कागदांची यादी, आणि मालकीत दोष निघाला किंवा कागदांमुळे बँकेनं कर्ज नाकारलं तर टोकन किती दिवसांत परत मिळणार. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं स्वीकारायला आयकर कायद्यानं मनाई आहे. दंड घेणाऱ्याला होतो. पण रोख दिलेल्या टोकनचा पुरावा तुमच्याकडे उरत नाही, हे नुकसान तुमचं.

टोकन देण्याच्या दिवशीच नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर जाऊन त्या फ्लॅटच्या नोंदी काढा. विभाग, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून एकेक वर्ष तपासावं लागतं. काम कंटाळवाणं आहे, पण विक्रेत्याच्या खरेदीची सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या कराराचा सरकारी गोषवारा, इंडेक्स टू) तिथे दिसते, आणि त्यानंतर त्याच फ्लॅटवर दुसरा करार, गहाणाची सूचना किंवा भाडेकरार नोंदला असेल तर तोही. फ्लॅटचा नंबर, सर्व्हे नंबर, सीटीएस (शहर भूमापन) नंबर असे पर्याय पालटून बघा, कारण नोंद करणाऱ्यानं कुठला नंबर टाकला असेल याचा नेम नसतो. बँकेचा वकील ३० वर्षांचा सर्च करतोच. तुमचा सर्च त्याला पर्याय नाही, पण तो टोकन जाण्याआधी होतो.

तक्ता

वहीत किंवा मोबाइलवरच्या शीटमध्ये पाच रकाने करा: कागद, कुणाकडून यायचा, अर्जाची तारीख, पोच आहे का, पुढची विचारणा कधी. ‘झालं / नाही झालं’ असा रकाना ठेवू नका. त्यात सगळी कामं दोन महिने ‘नाही झालं’ अशीच दिसतात आणि नक्की अडलंय कुठे ते कळत नाही.

विचारणा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि लिहून करा. रोज फोन केला की समोरची पार्टी फोन उचलणं बंद करते. मजकूर असा असावा: ‘नमस्कार. सोसायटीच्या एनओसीसाठी (ना-हरकत पत्रासाठी) ३ तारखेला अर्ज दिल्याचं आपण म्हणाला होतात. पोच घेतलेल्या प्रतीचा फोटो पाठवाल का? कमिटीची पुढची बैठक कधी आहे, तेही कळवा.’ यात आरोप नाही, घाई नाही, पण ‘होतंय’ म्हणून सुटायलाही जागा नाही.

मध्ये ब्रोकर असेल तर तोही मेसेजमध्ये असू द्या, पण त्याच्या ‘सगळं क्लिअर आहे’वर तक्त्यात काही भरू नका. त्याची दलाली बहुधा नोंदणीच्या दिवशी मिळते, त्यामुळे त्याचं लक्षही त्याच दिवसावर असतं. अर्धी दलाली ताब्यानंतर द्यायचं आधीच ठरवलंत तर तो चावी मिळेपर्यंत फोन उचलतो.

विक्रेत्याचं कर्ज

सर्वांत जास्त व्यवहार इथे अडतात, म्हणून याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या.

विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. तुमच्या बँकेला त्या बँकेकडून दोन पत्रं लागतात. एक फोरक्लोजर लेटर: आज किती बाकी आहे आणि रोजचं व्याज किती चढतं. दुसरं लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स: बँकेच्या कपाटात कुठले मूळ कागद आहेत त्यांची यादी. हे दोन्ही फक्त कर्जदार मागू शकतो, तुम्ही किंवा तुमची बँक नाही. म्हणून टोकनच्या दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला अर्ज करायला लावा. ‘कर्ज मंजूर झालं की मग बघू’ म्हणाल तर आठवडा-दोन आठवडे वाया जातात.

फोरक्लोजर लेटरला मुदत असते. महिनाभर आधी आणलेलं पत्र पैसे देण्याच्या दिवशी शिळं झालेलं असतं आणि पुन्हा अर्ज करावा लागतो. तेव्हा पहिलं पत्र तुमच्या बँकेच्या मंजुरीसाठी आणि दुसरं पैसे वाटपाच्या आठवड्यात, असं धरूनच चाला. पत्र हातात आलं की खाते क्रमांक किती आहेत ते मोजा. त्याच फ्लॅटवर टॉप-अप असेल तर त्याचा वेगळा क्रमांक असतो. तो राहून गेला तर गृहकर्ज फिटूनही बँक कागद सोडत नाही. व्यक्तीच्या नावावरचं बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही, त्यामुळे ‘बँक पेनल्टी लावतेय, किंमत वाढवा’ हे कारण ऐकून घेऊ नका.

कागदांची यादी तर विक्रेत्याच्या करारापासून मागे बिल्डरच्या पहिल्या करारापर्यंत ओळीनं लावून बघा. फ्लॅट तीनदा विकला गेला असेल तर तीन करार, प्रत्येकाची नोंदणी पावती आणि मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा हवा. यादीत मधलाच एक करार नसेल तर तो हरवलाय, किंवा विक्रेत्याच्या घरी आहे, किंवा कधी नोंदलाच गेला नाही. पहिल्या शक्यतेत पोलिसांकडे हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, दुय्यम निबंधकाकडून (जिथे करार नोंदला जातो ते सरकारी कार्यालय) प्रमाणित प्रत आणि प्रतिज्ञापत्र एवढं सगळं लागतं. जाहीर सूचनेत हरकतींसाठी बहुधा १४ दिवस देतात, म्हणजे एकूण महिना गेला असं समजा. तिसऱ्या शक्यतेत आधी वकील गाठा.

पैशांचा रस्ता कागदावर मांडून बघा. समजा किंमत ८० लाख, तुमचं कर्ज ६० लाख आणि विक्रेत्याचं बाकी कर्ज २२ लाख. तुमची बँक २२ लाखांचा धनादेश थेट विक्रेत्याच्या कर्जखात्याच्या नावे काढते आणि उरलेले ३८ लाख विक्रेत्याच्या नावे. पहिला धनादेश वठला की कर्ज बंद होतं, पण कागद त्याच दिवशी मिळत नाहीत. ते बहुतेक वेळा शाखेत नसून बँकेच्या मध्यवर्ती साठवणीत असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेला बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. ही भरपाई कर्जदाराला मिळते, तुम्हाला नाही. पण विक्रेत्यानं हा नियम बँकेसमोर ठेवला की काम हलतं.

या ३० दिवसांत कागद तुमच्याकडे नाहीत, विक्रेत्याकडेही नाहीत, आणि २२ लाख मात्र गेलेले आहेत. ही फट बुजवायला दोन गोष्टी करा. विक्रेत्याकडून त्याच्या बँकेच्या नावे अधिकारपत्र घ्या, की मूळ कागद तुमच्या बँकेच्या प्रतिनिधीसमोरच द्यावेत. आणि ३८ लाखांचा दुसरा धनादेश कागद ताब्यात आल्यावर सोडता येईल का, हे तुमच्या बँकेला मंजुरीच्या वेळीच विचारा. काही बँका तयार होतात, काही दोन्ही धनादेश एकदम देतात. मात्र पहिला धनादेश निघाला की तेवढ्या रकमेवरचं तुमचं व्याज सुरू होतं, हे हिशेबात धरा.

कर्ज फिटल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेटची (काही बाकी नसल्याच्या बँकेच्या दाखल्याची) एक प्रत सोसायटीकडेही गेली पाहिजे. कर्ज घेताना सोसायटीच्या दप्तरात बँकेचा बोजा नोंदवलेला असतो. तो उतरवला नाही तर तुमच्या नावानं हस्तांतर करताना सेक्रेटरी वही उघडून तिथेच थांबतो.

सोसायटी

सोसायटीचं घोडं अडतं ते कमिटीच्या बैठकीपाशी. बहुतेक कमिट्या महिन्यातून एकदा बसतात. अर्ज बैठकीच्या दुसऱ्या दिवशी गेला तर फुकटचा महिना जातो. म्हणून ‘एनओसी कधी मिळेल’ हे विचारण्याआधी ‘बैठक कधी आहे’ ते विचारा.

आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठी सरकारनं आखून दिलेले नमुना नियम) हस्तांतरासाठी सोसायटीची एनओसी लागतच नाही. पण ती बँकेला हवी असते, आणि सभासदानं मागितली तर कमिटीनं महिन्याभरात निर्णय घ्यायचा असतो. एनओसी बहुतेक वेळा तुमच्या बँकेच्या नमुन्यातच लागते. सोसायटीनं तिच्या लेटरहेडवर स्वतःच्या शब्दांत दिलेलं पत्र बँक परत करते आणि मग पुन्हा बैठक. बँकेचा नमुना पहिल्या दिवशीच विक्रेत्याकडे द्या.

विक्रेत्याची थकबाकी किती, हे त्याला विचारू नका. सोसायटीचं शेवटचं बिल मागा. मेंटेनन्स, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव वर्गणी), दुरुस्तीची वर्गणी, पार्किंग आणि थकबाकीवरचं व्याज सगळं त्यात असतं. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा ठराव सर्वसाधारण सभेत झाला असेल पण आकारणी अजून सुरू झाली नसेल, तर ती बिलात दिसत नाही. शेवटच्या सभेचं इतिवृत्त पाहायला मागा आणि ती वर्गणी कुणी भरायची ते करारात लिहा.

फ्लॅट दुसऱ्याच्या नावे करताना सोसायटी घेते तो हस्तांतर प्रीमियम महानगरपालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,००० रुपये, हस्तांतर शुल्क ५०० आणि प्रवेश शुल्क १०० रुपये. त्यावर ‘डोनेशन’ मागण्याचा अधिकार सोसायटीला नाही. प्रीमियम कुणी भरायचा यावर कायदा काही सांगत नाही. निम्मा-निम्मा करण्याची रीत आहे, पण ती टोकनच्या पावतीवर लिहिली नसेल तर शेवटच्या दिवशी यावरून हमखास वाजतं.

शेअर सर्टिफिकेट उलटून मागची बाजू बघा. प्रत्येक हस्तांतराची नोंद तिथे पदाधिकाऱ्यांच्या सह्यांनिशी असते. विक्रेत्यानं फ्लॅट दहा वर्षांपूर्वी घेतला, पण मागे त्याचं नावच चढलेलं नाही, असं बऱ्याचदा निघतं. मग त्याचं हस्तांतर आधी आणि तुमचं नंतर, म्हणजे दोन बैठका. हे टोकनआधी कळलं तर वेळ हाताशी असतो. नोंदणीच्या आदल्या आठवड्यात कळलं तर नसतो.

फ्लॅट म्हाडा, सिडको किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या जमिनीवर असेल तर सोसायटीच्या पत्राखेरीज त्या प्राधिकरणाची परवानगीही लागते. तिला सोसायटीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, म्हणून तक्त्यात ती ओळ सर्वांत वर ठेवा.

नावं, वारस आणि परदेशातला भाऊ

करारात पती-पत्नी दोघांची नावं आहेत आणि एक जण वारला आहे, तर हयात असलेल्या जोडीदाराची एकट्याची सही चालत नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव चढलं, तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकीच्या वारसांनी एक तर करारात सही करायची, नाहीतर आधी आपला हिस्सा सोडल्याचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यायचं. ‘बहिणी काही बोलणार नाहीत’ हे वाक्य ऐकलंत की थांबा आणि बहिणींच्या सह्यांची तारीख तक्त्यात घाला. वारसांत अज्ञान (१८ वर्षांखालचं) मूल असेल आणि त्याचा हिस्सा विकायचा असेल तर न्यायालयाची परवानगी लागते. ती दोन-तीन महिन्यांच्या वेळापत्रकात बसत नाही.

सहमालक परदेशात असेल तर मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) येतं. ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत केलेलं हवं, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायला हवं. स्कॅन पाहून समाधान मानू नका, मूळ प्रत कुरिअरनं निघाली का ते विचारा. त्यात विक्री करण्याचा, पैसे स्वीकारण्याचा आणि नोंदणीला हजर राहण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. मुखत्यारपत्र देणारा नोंदणीच्या दिवशी हयात असणं आवश्यक आहे, म्हणून त्या आठवड्यात त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलून घ्या.

लग्नानंतर बदललेलं नाव हा किरकोळ वाटणारा, पण नेमका निबंधकाच्या टेबलावर उघडा पडणारा घोळ. करारात माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. पंधरा दिवस आधी सगळी ओळखपत्रं शेजारी ठेवून तपासा, म्हणजे लग्नाचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र वेळेत होतं.

टीडीएस

विक्रेता निवासी भारतीय असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर १ टक्का कर (टीडीएस) विक्रेत्याच्या पैशांतून कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी तुमची. करारातली किंमत आणि मुद्रांक शुल्कासाठी धरलेलं मूल्य यांतलं जे जास्त, त्यावर. पाठपुरावा करायचा तो विक्रेत्याच्या पॅनचा: आधारशी जोडलेला नसल्यानं तो निष्क्रिय असेल तर दर १ वरून २० टक्क्यांवर जातो. विक्रेता अनिवासी असेल तर ५० लाखांची मर्यादा लागूच होत नाही आणि कपात कितीतरी मोठी असते. ती कमी करण्याचं प्रमाणपत्र त्याला आयकर खात्याकडून आणता येतं, पण त्याला आठवडे लागतात. पासपोर्ट भारतीय आहे म्हणजे माणूस निवासी आहे असं होत नाही. त्या वर्षी तो किती दिवस भारतात राहिला यावर ते ठरतं. सीए गाठा.

नोंदणीचा दिवस

तारीख ठरवताना पंचांग आणि रेडी रेकनर दोन्ही बघा. पितृपक्षात बरेच विक्रेते सही करत नाहीत, आणि दसऱ्याच्या आसपास दुय्यम निबंधक कार्यालयात गर्दी उसळते. रेडी रेकनरचे दर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेले जागेचे दर, १ एप्रिलला बदलू शकतात. विक्रेत्याचा एखादा कागद ३१ मार्चच्या पुढे सरकला तर तुमचं मुद्रांक शुल्क वाढू शकतं. मार्चमध्ये व्यवहार असेल तर ही तारीख त्याला फेब्रुवारीतच सांगून ठेवा.

आदल्या संध्याकाळी ई-सर्च पुन्हा करा. टोकननंतरच्या दोन महिन्यांत काही नवं नोंदलं गेलं नाही ना, ते बघायचं.

नोंदणीला विक्रेत्याचा प्रत्येक सहमालक किंवा त्याचा मुखत्यार, मूळ आधार आणि पॅन आणि दोन साक्षीदार लागतात. त्याच टेबलावर सोसायटीचे हस्तांतर अर्ज, वीज मीटर आणि पाइप गॅस तुमच्या नावे करायची संमतीपत्रं, मालमत्ता कराची शेवटची पावती, सगळं सही करून घ्या. पैसे मिळाल्यावर विक्रेता पुण्याहून नाशिकला राहायला गेला की एका सहीसाठी तीन आठवडे जातात.

ताबा

बँकेचा शेवटचा धनादेश आणि चावी यांची देवाणघेवाण एकाच वेळी, फ्लॅटमध्येच व्हावी. आदल्या दिवशी घर रिकामं झालंय का ते स्वतः जाऊन बघा. विक्रेता अजून राहत असेल आणि पंधरा दिवस मागत असेल, तर ताब्याची तारीख आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाची ठरलेली रक्कम करारातच हवी. तोंडी पंधरा दिवसांचे दोन महिने होतात. भाडेकरू असेल तर त्यानं घर सोडल्याची पावती आणि डिपॉझिट परत मिळाल्याची सही मागा, कारण डिपॉझिट अडलं की तो जागचा हलत नाही.

ताबा पावतीवर वीज मीटरचं रीडिंग, चाव्यांची संख्या आणि सोडलेल्या वस्तू लिहा: गीझर, पंखे, किचन ट्रॉली, एसी. मीटरचा फोटो काढा.

त्यानंतर सोसायटीकडे सभासदत्वाचा अर्ज द्या, सोबत सूची क्रमांक दोनची प्रत आणि मूळ शेअर सर्टिफिकेट, आणि पोच घ्या. सोसायटीनं तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर कायद्यानं तुम्ही सभासद झाल्याचं मानलं जातं आणि तसं जाहीर करून घेण्यासाठी उपनिबंधकांकडे जाता येतं. शेअर सर्टिफिकेट मागच्या बाजूला तुमच्या नावासह परत आलं की ते बँकेत जमा करा, त्याची पोच फाइलला लावा आणि तक्त्यातली शेवटची ओळ खोडा.